यंत्राला वळण

"हलू नका!" बचतराव ओरडले, तेव्हा त्यांचे बाबा चहाचा कप तोंडाकडे नेत होते. कप हवेत थांबला. शेजारी आई स्वेटरची बाही विणत होत्या, त्यांच्या सुया एकमेकींत अडकून राहिल्या. दिवाणखान्याच्या छताजवळ बसवलेल्या पांढऱ्या डबीतला हिरवा दिवा लुकलुकला, क्षणभर विचारात पडल्यासारखा झाला आणि विझला.

"गेला," बचतराव ओठ न हलवता म्हणाले. "आता प्या. पण सावकाश."

घर बांधून नुकतंच झालं होतं. भिंतींना रंगाचा वास होता, न्हाणीघराच्या दाराला कडी बसायची होती, पण हीट पंप मात्र सगळ्यांच्या आधी बसला होता. बाहेरच्या भिंतीला टेकून त्याची पंख्याची पेटी उभी होती. ती म्हणे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेते आणि फरशीखालच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत सोडते, तीही अगदी थोड्या विजेत.

"बाहेर हाडं गोठताहेत आणि हा तिथून ऊब आणतो?" बचतरावांच्या आईने, म्हणजे घरातल्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "कुणाकडून आणतो? शेजाऱ्यांकडून?"

बचतराव हे नाव त्यांच्या ताईने ठेवलेलं. संपलेल्या टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतलं बोटाने पुसून घेणाऱ्या भावाला दुसरं काय म्हणणार? पंपाला ताईचा सुरुवातीपासून विरोध होता. "सरळ खोलीखोलीत हीटर लाव आणि गप्प बस," हा तिचा सल्ला भावाने मानला नाही, म्हणून तिने फोनवरच निकाल लावून टाकला.

"रविवारी येते घर बघायला. गार लागलं ना, तर बाळ, बाळाची आई आणि आपली आई, तिघी थंडी संपेपर्यंत माझ्याकडे. तू बस तुझ्या पंपाला मिठी मारून."

बचतरावांची बायको, घरची सूनबाई, शेजारी उभी राहून हे ऐकत होती. ताई मायाळू होती, हीच तर अडचण होती. भांडकुदळ माणसाला नाही म्हणता येतं. जुन्या भाड्याच्या खोलीत बाळाला, म्हणजे चिमणीला, आंघोळ घालताना तिचे इवलेसे ओठ जांभळे व्हायचे आणि ती टॉवेलात गुंडाळली जाईपर्यंत सूनबाईचा जीव थाऱ्यावर नसायचा. म्हणून तर या घरात चिमणीची खोली तिने स्वतः मांडली होती. पिवळे पडदे, खिडकीखाली आंघोळीचा टब, हात लांबवला की टॉवेल. ते सगळं सोडून दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखं बॅगेतून झबली काढत हिवाळा घालवायचा?

तेव्हा घर गरम व्हायला हवं होतं. आणि ते झालंही असतं, जर पंपवाल्या कंपनीच्या माणसाने जाता जाता तो एक शब्द उच्चारला नसता.

"हे नुसतं यंत्र नाही, साहेब. हे शिकतं," तो म्हणाला होता. "आठवडाभर तुम्हाला बघेल. कोण कधी कुठे असतं, कुठे हालचाल आहे, कुठे नाही. मग त्याप्रमाणे आपोआप ऊब सोडेल. तुम्ही फक्त राहायचं."

"बघणार?" सासरेबुवा डबीकडे बघत म्हणाले. "मग मी बनियनवर बसू नको का?"

"कपडे दिसत नाहीत त्याला, आजोबा. फक्त हालचाल. ती दिसली की हा दिवा लागतो."

तो माणूस गेला आणि बचतराव येरझाऱ्या घालायला लागले. "आपल्या सवयी शिकणार," ते म्हणाले. "पण आपल्या सवयी शिकण्याच्या लायकीच्या आहेत का? बाबा भल्या पहाटे उठून घरभर फिरतात. आई दिवसभर ओट्याशी. हेच जर शिकलं, तर जन्मभर वीज जाळत बसेल. सुरुवातीलाच वळण लावलं पाहिजे."

"कुणाला?" सूनबाईने विचारलं.

"यंत्राला!"

"अरे, पण तो म्हणाला, फक्त राहा."

"नुसतं राहून कुणाला वळण लागलंय का आजवर?"

आणि घराचं घरपण सुटीवर गेलं. दिवाणखान्यात बसायचं तर ब्लँकेट गुंडाळून, पुतळ्यासारखं. सासरेबुवांच्या येरझाऱ्या फाटकाबाहेर गेल्या. स्वयंपाकघरात सासूबाई भिंतीला पाठ लावून सरकत सरकत गॅसपर्यंत जात, कारण भिंतीलगत डबीची नजर पोचत नाही असा बचतरावांनी शोध लावला होता. पोळ्या बसून लाटायच्या, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची.

"आपण घरात आहोत की फोटोत?" एकदा सासूबाई भिंतीला चिकटूनच कडाडल्या.

"आठवडाभर गं, आई. मग ते काटकसर शिकेल."

"आणि मी फरशी पुसायला विसरेन!"

सगळ्या घरात एकच व्यक्ती वळणाला दाद देत नव्हती. चिमणी पाळण्यात पडून छताकडे दोन्ही पाय झाडायची. भूक लागली की हात नाचवायची, पोट भरलं की आनंदाने नाचवायची. तिला खांद्यावर घेऊन सूनबाई तिच्या खोलीत फेऱ्या मारायची, गुणगुणायची, झुलायची. त्या खोलीतल्या डबीचा हिरवा दिवा विझायचं नावच घेत नव्हता.

"तिला जरा शांत ठेवता येत नाही का?" बचतराव दारातून कुजबुजले.

"येतं की. तू घे, ठेव शांत."

बचतरावांनी घेतली. थोड्याच वेळात तेही झुलत होते, गुणगुणत होते आणि शर्टाच्या खांद्यावर दूध घेऊन बाहेर आले. "एक खोली चालायची," ते म्हणाले.

शनिवारी फोनवर यंत्राचा संदेश आला. 'अभिनंदन! तुमचं घर आम्हाला समजलं आहे.' बचतरावांनी तो संदेश सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ब्लँकेटं घड्या करून ठेवली गेली. सासरेबुवांनी हातपाय ताणून कडाकडा आळस दिला. आता यंत्राचं शिक्षण संपलं होतं आणि माणसं राहायला मोकळी झाली होती.

रविवारी सकाळी सासूबाईंनी पलंगावरून पाय खाली टेकला आणि किंचाळत पुन्हा वर घेतला. फरशी बर्फासारखी होती. स्वयंपाकघरात तेल थिजलं होतं. दिवाणखान्यात सासरेबुवा बोलत होते आणि त्यांच्या तोंडातून वाफ येत होती.

बचतरावांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"बरोबरच आहे, साहेब," तिकडून आवाज आला. "दिवाणखान्यात कुणी राहत नाही, स्वयंपाकघर बंद असतं, असं शिकलंय ते. उगाच रिकाम्या खोल्या कशाला तापवेल?"

"अहो, आम्ही राहतो इथे!"

"तसं दाखवा त्याला. भरपूर हालचाल करा. पण सवय बदलायला वेळ लागतो हं. एकदा लागलेलं वळण पटकन जात नाही."

ताई यायला थोडाच अवकाश होता. बचतरावांनी आईबाबांना डबीसमोर उभं केलं आणि स्वतः हात हलवायला सुरुवात केली. "वर! खाली! बाबा, उड्या मारा! आम्ही आहोत हे कळू दे त्याला!"

"गुडघे आहेत, हे कळेल मला," सासरेबुवा म्हणाले, पण ब्लँकेट पांघरूनच पंख फडफडवायला लागले. सासूबाई लाटणं हवेत फिरवत होत्या. दार लोटलेलंच होतं, त्यामुळे ताई सरळ आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"काय गं आई? कुणाला हाकलताय?"

तिघांचे सहा हात हवेतच राहिले. हिरवा दिवा लगेच विझला.

ताईने चपला काढल्या, पाय फरशीवर ठेवला आणि लगेच चपला परत घातल्या. भावाकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

"बॅग भर गं," ती आतल्या खोलीत असलेल्या सूनबाईला ओरडून म्हणाली. "बाळाचं जे असेल ते घे. आई, तूही आवर. मी आधी त्या लेकराला उचलते, काकडलं असेल बिचारं."

ती चिमणीच्या खोलीकडे निघाली. मागून बचतराव, मागून सासूबाई, मागून सासरेबुवा, अशी वरात. ताईने दार उघडलं.

आतून ऊब अंगावर आली. पिवळ्या पडद्यांमागे ऊन होतं आणि खिडकीखाली सूनबाई बाह्या वर करून चिमणीला आंघोळ घालत होती. चिमणी उघडीवाघडी, गुलाबी, पाण्यावर थपाथप हात मारत होती. ओठ लालचुटुक. छताजवळचा हिरवा दिवा मजेत जळत होता.

"दार लावा हो," सूनबाई वळून न बघताच म्हणाली. "ऊब बाहेर जाईल."

सगळे घाईने आत आले. ताईने शाल काढली. मग स्वेटर काढला. मग पावलं फरशीवर टेकवली आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

"ही एवढीच खोली कशी रे गरम?"

बचतरावांनी तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. "कारण सगळ्या घरात ही एकटीच खरी वागली."

चिमणीला टॉवेलात गुंडाळलं गेलं, झबलं घातलं गेलं, आणि ती आत्याच्या मांडीवर दूध पीत पीत झोपून गेली. सासरेबुवा भिंतीला टेकले. बॅग कोपऱ्यात रिकामीच पडून होती. शेवटी सूनबाईनेच विचारलं, "मग ताई... बॅग भरू?"

"भर," ताई म्हणाली. सूनबाईचा चेहरा उतरला. "माझी बॅग. माझ्या घरी जाऊन माझे कपडे घेऊन ये म्हणावं तुझ्या नवऱ्याला. थंडी संपेपर्यंत मी इथेच आहे. आमच्याकडे कुठे आलीय अशी ऊब!"

बचतरावांची छाती फुगली. "मी म्हणत होतो ना, ताई, हा पंप..."

"शू!" ताई डोळे वटारून म्हणाली. "झोपलीय ती. हलू नका कुणी."

कुणी हललं नाही. सासरेबुवांनी जांभई अर्ध्यात थोपवली. सूनबाईच्या हातात घडी घालायचा टॉवेल तसाच राहिला. सगळी खोली श्वास रोखून बसली, आणि छताजवळचा हिरवा दिवा लुकलुकला, क्षणभर विचारात पडला, आणि विझला.

पाचही जणांनी मान न हलवता वर बघितलं. मग एकमेकांकडे. हलावं, तर चिमणी उठणार. न हलावं, तर यंत्र शिकणार.

तेवढ्यात चिमणीला कसलंसं स्वप्न पडलं आणि तिने झोपेतच एक सणसणीत लाथ झाडली.

दिवा लागला.