भसीनसाहेबांच्या अंगणातला बर्फ

चंद्रप्रभा भोंडे स्टूल ओढून नव्या वॉशिंग मशीनसमोर बसली होती आणि त्याच्या गोल काचेतून आत बघत होती. आत घरचे कपडे एकदा इकडे, एकदा तिकडे लोळत होते. पाणी दिसत होतं. फेस मात्र दिसत नव्हता.

"अहो, फसवलंय आपल्याला," ती म्हणाली. "हे धुत नाहीये, नुसतं भिजवून देतंय."

"समोर दार असलेल्या मशीनला कमी फेसाचीच पावडर लागते," गुणवंत पेपरआडून म्हणाले. "कंपनीचा माणूस सांगून गेला ना? अर्धी वाटी, आणि तीही त्याच पुड्यातली."

"त्या माणसाने जन्मात कधी कॉलर घासली असेल का?"

गुणवंत केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. सत्त्याण्णव साली सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी गुडगावात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोर मोहरीचं शेत होतं आणि शेताच्या पलीकडे काचेची एक इमारत रोज थोडी थोडी वर येत होती. अशा ठिकाणी बादलीत कपडे भिजवणं बरं दिसेना, म्हणून मशीन आलं. न्हाणीघरात मावलं नाही, तेव्हा स्वयंपाकघराच्या बाल्कनीत बसलं.

पुढच्या रविवारी गुणवंत आंघोळीला गेलेले बघून चंद्रप्रभाने मशीनच्या खणात बादलीवाली निळी पावडर टाकली. हाताच्या सवयीने, दोन मुठी. मग ती भाजी आणायला खाली गेली.

गुणवंत बाहेर आले. मशीन नुकतंच पाणी घेत होतं, त्यामुळे फेस नव्हताच. बायकोचा हिरमुसलेला चेहरा त्यांना आठवला. इतकी वर्षं संसार केला, तिच्या मनासारखी निदान पावडर तरी पडू दे, असं म्हणून त्यांनी गुपचूप त्याच निळ्या पावडरची एक वाटी खणात रिकामी केली.

शेवटी रुचिता उठली. ती कॉलेजात होती आणि रविवारी उशिरा उठायची. 'मशीनमध्ये पावडर टाक' असं आईने आदल्या दिवशी बजावल्याचं तिला एकदम आठवलं आणि मशीन तर चालूच होतं. ओरडा बसायच्या आत तिने उरलेला सगळा डबा ओतला.

चंद्रप्रभा भाजी घेऊन आली तेव्हा मुलगी किंचाळत होती, "मम्मी! झाग! झाग बाहेर आलाय!"

"झाग काय? फेस म्हण, फेस!" असं म्हणत ती बाल्कनीच्या दारात पोचली. "अगं बाई!"

खणातून, दाराच्या फटीतून, मागच्या पाइपातून, वाट मिळेल तिथून फेस येत होता. गुणवंतांनी घाईघाईने एक बटण फिरवलं. ते बंद करायचं नसून कपडे पिळायचं निघालं. मशीन थरथरलं आणि मगाचा फेस बरा म्हणायची वेळ आली. तो आता उंबरा ओलांडून गॅसच्या ओट्याकडे निघाला होता.

"पंखा आण!" गुणवंत ओरडले. रुचिताने हॉलमधला उभा पंखा आणला. त्यांनी तो पुऱ्या जोरावर लावून तोंड बाहेर केलं. स्वयंपाकघर वाचलं. फेसाचे गोळेच्या गोळे कठड्यावरून उडून जानेवारीच्या उन्हात तरंगत निघाले.

"पप्पा," रुचिता खाली वाकून म्हणाली, "आज गुंजन दीदीचा रोका आहे. सगळे लॉनमध्येच बसलेत, यार!"

तळमजल्यावरचे भसीनसाहेब बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, गुंजनची, सोयरीक आज पक्की व्हायची होती, पण ती आधीच डळमळत होती. मुलाचे वडील मदानसाहेब आल्यापासून नाक मुरडून बसले होते. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, चहा गार, ढोलवाला एकच. ते उठायच्या बेतात होते, एवढ्यात एक मोठा पांढरा पुंजका डुलत डुलत आला आणि त्यांच्या मिशीवर बसला. मागून आणखी आले. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर, बर्फीच्या ताटात, गुंजनच्या ओढणीवर.

मग एक आत्या ओरडली, "हाय, स्नोफॉल!"

ढोलवाल्याने ढोल बडवला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाजूला सारून माणसं नाचायला लागली. मदानसाहेबांनी भसीनना मिठीत उचललं. "कमाल कर दी, भसीन साहब! फॉरेन से मँगवाया क्या?"

वर भोंडे कुटुंब कठड्याआड उकिडवं बसलं होतं. पावडर संपली तेव्हा फेस थांबला. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात भसीनसाहेब, खांद्यावर फेस.

"भाईसाब, बहोत गलती हो गया," चंद्रप्रभाने सुरुवात केली.

भसीननी गुणवंतांचे दोन्ही हात धरले. "भोंडे साहब, शादी में भी यही चाहिए. लड़केवालों ने साफ़ कह दिया है."

"लेकिन वो बर्फ नहीं है. वो तो कपड़े का..."

"जो भी है, बहनजी. मेरी बेटी का सवाल है."

गुणवंतांनी शब्द दिला.

लग्न मार्चमध्ये, दिल्लीतल्या छतरपूरच्या एका फार्महाउसवर, आणि दिवसाढवळ्या ठरलं, कारण रात्री बर्फ दिसला नसता. मशीन टेम्पोतून गेलं. स्टेजमागच्या बंगल्याच्या गच्चीवर पडदा लावून त्याला बसवलं. जनरेटरची तार आली, पाण्याचा पाइप आला. काहीतरी धुवायला हवं म्हणून केटररने मळलेले टेबलक्लॉथ दिले. डेकोरेटरला कोणी काही नीट सांगितलंच नव्हतं. त्याने मशीनलाही झेंडूच्या माळा घातल्या आणि वर लाल रिबिनीचं फूल बांधलं.

वरमाला सुरू व्हायच्या जरा आधी भसीनसाहेब धापा टाकत वर आले. हातात भलामोठा खोका. "पावडर मैं ख़ुद लाया हूँ. सबसे महँगी. शादी का मामला है!"

चंद्रप्रभाने खोका वाचला आणि तिचा चेहरा पडला. "अहो, ही ती आहे."

"कोणती ती?"

"समोरच्या दाराची. कमी फेसाची."

जवळपास दुकान नव्हतं. त्यांनी अख्खा खोका ओतला. मशीन घुमलं. काचेमागे पाणी जरा दुधट झालं, तेवढंच. रुचिता पंखा धरून उभी होती, त्यातून नुसता वारा जात होता. खाली नवरानवरी हातात हार घेऊन थांबली होती, फोटोग्राफर आकाशाकडे कॅमेरा रोखून होता. वर बघून बघून मदानसाहेबांची मान अवघडली. शेवटी ते स्वतः जिना चढून आले आणि त्यांनी पडदा सारला.

समोर झेंडूच्या माळांत सजलेलं, रिबिनीचं, कोरं करकरीत मशीन.

मदानसाहेबांचे डोळे भरून आले. "भसीन साहब," ते म्हणाले, "हमने तो कुछ माँगा ही नहीं था!"

भसीनसाहेबांनी गुणवंतांकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी गयावया होती की गुणवंतांच्या तोंडून निघून गेलं, "जी. छोटी सी भेंट है."

"काय बोललात हे?" चेहऱ्यावरचं हसू न हलवता चंद्रप्रभाने मराठीत विचारलं.

"मग तू बोल काहीतरी."

तिने खाली पाहिलं. गुंजन हार धरून वर बघत होती, ओठ घट्ट मिटून. चंद्रप्रभाने मशीनवर पडलेली झेंडूची एक पाकळी पुसून काढली.

खाली मदानसाहेबांनी व्याह्यांच्या दिलदारपणाची घोषणा केली आणि हार पडले. बर्फ कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

पाठवणीच्या वेळी फुलांच्या गाडीमागे टेम्पो उभा राहिला. त्यात दोरीने बांधलेलं मशीन. भसीनसाहेब गुणवंतांच्या कानाशी पुनःपुन्हा म्हणत होते, "नया दिलाऊँगा, क़सम से." चंद्रप्रभाने गुंजनला जवळ घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, संसाराचं गुपित असणार. ती म्हणाली होती, "पावडर कम डालना."

टेम्पो सुरू झाला. मग मात्र तिला आवरेना. मुलीची आईसुद्धा इतकी रडली नाही. बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं, दोन आत्या पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. एवढी माया करणारी शेजारीण मदानबाईंनी पाहिली नव्हती. त्या गाडीतून पुन्हा खाली उतरल्या आणि त्यांनी चंद्रप्रभाला छातीशी धरलं.

"बस, बहनजी, बस! बेटी की तरह रखेंगे. जब जी चाहे मिलने आ जाना. पानिपत है ही कितनी दूर?"

पानिपत म्हटल्यावर गुणवंतांनी मुकाट्याने मान खाली घातली.