बारा पानांचा निकाल

भविष्य आधीच ठरलेलं असतं, याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. ते कोणी ठरवायचं, एवढ्यावरच काय तो वाद असतो.

हा वाद मिटवण्यासाठी केरळात, भारतपुळा नदीच्या काठी, पूर्वापार निरनिराळ्या पद्धती चालत आल्या आहेत. कुंडली ही त्यांतली सर्वांत गैरसोयीची. तिला जन्मवेळ लागते, आणि जन्मवेळ सांगू शकणारी माणसं नेमकी त्या वेळी दुसऱ्या कामात असतात. शिवाय कुंडली एकदा मांडली की बदलता येत नाही. म्हणून आमच्याकडे प्रश्न पाहतात. विचारायला आलेल्याने उंबऱ्यात कुठला पाय आधी टाकला, बोलताना कशाला हात लावला, त्याची कुठली नाकपुडी चालू आहे, यावरून ज्योतिषी उत्तर देतो. (सर्दी झालेल्याने प्रश्न पुढे ढकलावा, असा संकेत आहे.) गेल्या पावसाळ्यात गावात एकेचाळीस प्रश्न पाहिले गेले. त्यांतले अडतीस बरोबर ठरले, दोन बरोबर ठरायचे आहेत, आणि एका प्रकरणात म्हैस जगेल का, असं विचारणारा स्वतःच वारला. म्हैस ठणठणीत आहे, तेव्हा तेही उत्तर बरोबरच धरलं आहे.

या सर्वांत पारदर्शक पद्धत विड्याच्या पानांची. विचारणाऱ्याने स्वतःच्या हाताने बारा पानांची चवड ज्योतिष्यापुढे ठेवायची. एकेक पान म्हणजे आयुष्याचं एकेक स्थान. चौथं घराचं, सहावं शत्रूंचं, सातवं लग्नाचं, बारावं व्ययाचं, अशी वाटणी आहे. पान हिरवंगार असेल तर त्या बाबतीत सगळं ठीक. सुकलेलं, फाटलेलं किंवा किडलेलं असेल तर बाधा. दुपारी बाराच्या आत पानं वरून मोजायची, बारानंतर खालून. हे नियम गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, आणि पद्धतीच्या अचूकतेचं कारण तेच आहे. नियम माहीत असल्यामुळे लोक पानं नीट तयारी करून आणतात.

यंदा ओणमच्या आठ दिवस आधी वल्सलाम्माचा प्रश्न निघाला.

वल्सलाम्मा छप्पन्न वर्षांची, निवृत्त पोस्टमास्तरीण, अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेली. घर तिचं. आमच्याकडे घर आईकडून मुलीकडे जातं. मुलाकडे मत देण्याचा अधिकार राहतो. तिचा धाकटा भाऊ गंगाधरन हा अधिकार ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून बजावत असे. त्याची बायको तंकमणीही तिथेच राहायची, आणि पंचवीस वर्षं झाली तरी स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे ठेवायचा हे तिला वल्सलाम्माला विचारावं लागायचं.

अशा सुरळीत चाललेल्या घरात वल्सलाम्माने एका सकाळी इडली वाढता वाढता सांगितलं की ती अप्पुक्कुट्टनशी लग्न करणार आहे. अप्पुक्कुट्टन त्रेसष्ट वर्षांचा विधुर. त्याने कथकळीच्या मंडळात पस्तीस वर्षं नटांच्या गालांवर तांदळाची पेज आणि कागद लावून पांढऱ्या कडा चढवल्या होत्या. बायको गेल्यावर तो दर शनिवारी टपाल कचेरीत येऊन पोस्टकार्ड टाकू लागला. पाठवायला दुसरं कोणी नसल्यामुळे तो ते स्वतःलाच पाठवायचा. वल्सलाम्माने सहा वर्षं ती कार्डं शिक्का मारून त्याच्या पत्त्यावर रवाना केली. टपाल खात्याच्या नियमांत याला हरकत नाही.

"ओप्पोळ, या वयात?" गंगाधरन म्हणाला. थोरल्या बहिणीला तो याच नावाने हाक मारी, आणि एरवी आदराने मारी.

"आधीच्या वयात कोणी विचारलं नाही रे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांची पत्रं तीस वर्षं माझ्या हातून गेलीत, गंगा. लोक काय म्हणतात ते मला तू सांगू नकोस."

तेव्हा गंगाधरनने कुटुंबप्रमुख या नात्याने (हे पद त्यानेच निर्माण केलं होतं) गावचे ज्योतिषी चात्तुण्णी पणिक्कर यांना बोलावून पानं पाहण्याचा प्रस्ताव मांडला.

"बोलाव," वल्सलाम्मा म्हणाली. "पानांनी हो म्हटलं तर तू पुन्हा तोंड उघडायचं नाहीस."

"आणि नाही म्हटलं तर?"

वल्सलाम्माने रिकामी ताटली उचलली. "तर तसं त्याला कळवीन. पोस्टकार्डाने."

सोमवारी सकाळी दहाची वेळ ठरली. नऊ वाजता गंगाधरन अंघोळ उरकून परसात गेला आणि पानवेलीवरून अळीने मधोमध भोक पाडलेलं एक पान शोधून आणलं. सुईने भोक पाडणं त्याला सहज जमलं असतं, पण शास्त्राच्या बाबतीत खोटेपणा त्याला मान्य नव्हता. ते अस्सल किडलेलं पान त्याने देवघरात ठेवलेल्या चवडीत वरून सातव्या पानाच्या जागी घातलं आणि तो आरामखुर्चीत जाऊन बसला.

साडेनऊला तंकमणीने चवड तपासली. लग्न झाल्यावर नणंद नदीपलीकडे अप्पुक्कुट्टनच्या घरी जाईल, असा तिचा हिशेब होता, आणि मिठाचा डबा खिडकीशी ठेवायचा हेही तिने ठरवून टाकलं होतं. तिने किडलेलं पान सातव्या जागेवरून काढून सहाव्या जागी सरकवलं. शत्रूंच्या स्थानी कीड असली तर कोणाचं काय बिघडतं? नवऱ्याचा विश्वासघात नको म्हणून पान तिने फेकलं मात्र नाही.

याप्रमाणे दोन्ही बाजूंनी चोख तयारी झाल्यावर फक्त ज्योतिषी यायचे राहिले.

पणिक्करांना उशीर झाला तो शास्त्रामुळेच. निघताना तेलाचं भांडं समोर आलं तर परत फिरावं आणि अकरा श्वास बसून मगच निघावं, दुसऱ्यांदा आलं तर सोळा श्वास, तिसऱ्यांदा आलं तर त्या दिवशी निघूच नये, असा दंडक आहे. त्यांच्या वाटेवर तेलाचा घाणा आहे, आणि ओणमच्या तोंडावर अर्धं गाव तिथून डबे भरून नेतं. पणिक्कर दोनदा परत गेले. (त्यांचे श्वास दीर्घ आहेत, पासष्टीनंतर ते मध्ये डुलकीही घेतात.) तिसऱ्या खेपेला त्यांनी छत्री उघडून तोंडापुढे धरली. न दिसलेला अपशकुन झाला असं मानत नाहीत.

ते ओसरीवर टेकले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. वल्सलाम्माने देवघरातून चवड आणून स्वतःच्या हाताने पुढे ठेवली. पणिक्करांनी सूर्याकडे पाहिलं आणि चवड उलटी केली.

गंगाधरनचा चेहरा पडला. वरून सातवं पान खालून सहावं येतं. अळी वाया गेली होती. तंकमणीचा चेहरा त्याहून पडला. वरून सहावं खालून सातवं येतं, आणि ते पान तिथे तिनेच नेऊन ठेवलं होतं.

"पाच... सहा..." पणिक्कर थांबले. सातव्या पानाच्या भोकातून त्यांना आपली मांडी दिसत होती. "वल्सलाम्मा, सप्तमस्थान किडलेलं आहे. लग्नाला बाधा आहे. दोन वर्षं सात महिने थांबावं लागेल."

त्या क्षणी गंगाधरनचा शास्त्रावर आयुष्यात प्रथमच मनापासून विश्वास बसला. आपण केलेली लबाडी उधळून लावून ग्रहांनी स्वतः तोच निकाल द्यावा! त्याने डोळ्यांना उपरणं लावलं. तंकमणीचाही विश्वास बसला, आणि तिनेही डोळे पुसले. एकाच पानाने दोन नास्तिक वळवल्याची नोंद आमच्या गावात दुसरी नाही.

"दोन वर्षं सात महिने," वल्सलाम्मा म्हणाली. "पणिक्कर, तो नदीवरून इथवर येताना आत्ताच दम खायला दोनदा बसतो हो."

"माझ्या हातात काय आहे, अम्मा? पानात आहे ते सांगितलं."

"सातवं म्हणजे हेच ना?"

तिने पान उचललं. नखाने किडलेला भाग खुडून अंगणात टाकला, उरलेल्या पानाला चुना लावला, सुपारीचं खांड ठेवलं आणि विडा तोंडात टाकला. जेवणाची वेळ टळून गेली होती.

वल्सलाम्मा सावकाश विडा चावू लागली.

"ओप्पोळ!" गंगाधरन किंचाळला. "पणिक्कर, हिने पुरावा खाल्ला!"

पणिक्करांनी हात वर केला. खाल्लेल्या पानाबद्दल शास्त्रात निषेध नाही, तशी परवानगीही नाही. अशा वेळी जाणकार मूळ नियमाकडे जातो.

"पानं कोणी हाताळायची, गंगाधरा?"

"विचारणाऱ्याने. स्वतःच्या हाताने."

"मग? या चवडीतल्या पानांवर मला तुझ्या साबणाचा वास येतोय आणि तुझ्या बायकोच्या हळदीचा. हिने मनाने हात लावलेलं एकच पान होतं, तेव्हा हिने काढलं ते नियमाने काढलं." त्यांनी उरलेली चवड खालून पुन्हा मोजली. सातव्या जागी आता आठवं सरकलं होतं, हिरवंगार. बाराव्या जागी पानच नव्हतं. "लग्न शुभ. व्यय शून्य. असा योग चाळीस वर्षांत पाहिला नाही."

लग्न ओणमच्याच महिन्यात, चिंगममध्ये, देवळात झालं. अप्पुक्कुट्टन नदीपलीकडे राहिला नाही, इथेच राहायला आला. ओसरीवर दुसरी आरामखुर्ची आली आणि शनिवारचं पोस्टकार्ड बंद झालं. गंगाधरन बहिणीला काही बोलत नाही. त्याची आता शास्त्रावर श्रद्धा आहे.

एवढं वाचून सुशिक्षित वाचक या सगळ्यांना हसेल, आणि ते योग्यच आहे. पण हसून झाल्यावर त्याच्या मनात एक शंका उरेल. पान खाऊन जमवलेलं ते लग्न पुढे टिकणार का? लग्नाला अजून चारच महिने झालेत, तेव्हा मला ते सांगता येत नाही. ज्यांना थांबवत नाही त्यांच्यासाठी, पणिक्कर मंगळवार आणि शुक्रवार सोडून रोज घरी असतात. येताना घाण्याच्या वाटेने येऊ नये.