हातभर मान

महिलांनी नेतृत्व करावं, असा आदेश दिल्लीहून आला, तेव्हा कर्णबधिरांच्या राष्ट्रीय महासंघाच्या वाशिम जिल्हा शाखेने तो तातडीने अमलात आणला. रिसोडजवळ भाजीचा मळा करणारी योगिनी एकमताने उपाध्यक्ष झाली. शाखेतले सगळे तिच्यासारखेच बहिरे; सभेचं कामकाज हातांच्या खुणांनी चाले. त्यामुळे इथे कुणाला गप्प बसवायचं तर तोंड दाबून भागत नाही. हात गुंतवावे लागतात.

अध्यक्ष फुलसिंग यांनी ते सन्मानपूर्वक केलं. पहिल्याच सभेत त्यांनी योगिनीला शाल-श्रीफळ दिलं. ती नारळ खाली ठेवायला वाकली, तशी त्यांनी खूण केली, "श्रीफळ भुईले टेकवत नसतात. अपमान होते." सभा संपेपर्यंत ती नारळ धरून उभी राहिली. पुढच्या सभेत तिच्या हाती दीपप्रज्वलनाचं ताट आलं, त्यापुढच्या सभेत चहाचा ट्रे. प्रत्येक इतिवृत्तात नोंद झाली: उपाध्यक्षांचा काही आक्षेप नाही.

आक्षेप होता. शाखेतल्याच, मालेगावच्या अंजनाचं सिझर झालं, तेव्हा डॉक्टर जे काय बोलले ते तिच्या सासूशी. आपलं पोट कापणार आहेत, हे अंजनाला टेबलावर गेल्यावर कळलं. बाळंतिणींच्या वॉर्डात खुणांची भाषा जाणणारी एक बाई असावी, एवढी मागणी शाखेने करावी, असं योगिनीला मांडायचं होतं. अंजना रडत भेटून गेल्यापासून तिच्या हातांना चैन नव्हतं.

वार्षिक सभेला एक मोठे साहेब पाहुणे आले. त्यांना खुणा समजावून सांगायला योगिनीची आई कस्तुराबाई बसली. तिला ऐकू येत असे. योगिनीने सभा सुरू होताच पदाधिकाऱ्यांचा सत्कार आरंभला. रांगेत उभ्या सगळ्या पुरुषांच्या ओंजळीत शाल, शालीवर नारळ, वर पुष्पगुच्छ. मग मोकळ्या हातांनी तिने ठराव मांडला.

"ज्याचा विरोध असन, त्यानं हात वर करा."

फुलसिंगांनी नारळाकडे पाहिलं, भुईकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहून हसले. ठराव बिनविरोध मंजूर झाला. मागच्या रांगेत अंजनाने दोन्ही हात उंच करून हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात.

कस्तुराबाईने साहेबांना सगळा प्रकार उलगडून सांगितला. साहेब हळहळले.

"बायकांचे हात अडकवून ठेवायचे? काय हा मागासलेपणा! आमच्याकडे बायकांना बोलायची पूर्ण मुभा आहे."

"हाव जी, माह्या घरीबी हाये," कस्तुराबाई म्हणाली. "मी दिवसभर बोलतो. आइकते कोन? तुमच्या घरी आइकतेत का बाईचं, साहेब?"

साहेब मोबाइलवर स्वतःच्या भाषणाचे फोटो पाहत होते.

"हं? काय म्हणालात?"

योगिनी लांबून दोघांचे चेहरे निरखत होती. तिने आईला खुणेनं विचारलं, "साहेबबी आपल्यातलेच हायेत का?"

"नाई वं," आईने हात हलवले. "त्यायले साजरं आइकू येते."