घासाघीस न झालेला आकडा

अण्णारावांनी अंदाजपत्रकावरचा शेवटचा आकडा वाचला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "व्हय. सोमवारपासून लागा कामाला."

समोर बसलेल्या अवधूतने हातातला चहाचा कप खाली ठेवला. निलंग्यात भाव केल्याशिवाय कोणी कोथिंबिरीची जुडीही उचलत नाही. आणि इथे नव्या घराच्या वायरिंगचे एक लाख अठरा हजार एका शब्दात मंजूर! इलेक्ट्रिकलची पदविका घेतल्यापासून त्याने लातूरच्या एका ठेकेदाराकडे अशीच अंदाजपत्रके केली होती. घासाघिशीसाठी वरती आठ हजार चढवून ठेवायचे, ही रीतही तिथलीच. नोकरी सोडून घेतलेले हे त्याचे पहिलेच स्वतंत्र काम. यात तोटा आला, तर पुन्हा त्याच ठेकेदाराच्या दारात उभे राहावे लागणार होते.

"काम मिळालं ना? मग चेहरा का असा?" घरी बायकोने, प्रमोदिनीने विचारले.

"गिऱ्हाईक भांडलंच नाही गं. म्हणजे आकडा कमी पडलाय, मी नक्की काहीतरी धरायचं विसरलोय."

त्याने वायर, बोर्ड, अर्थिंग, मजुरी सारे पुन्हा तपासले. काहीही सुटलेले नव्हते. त्यामुळे तर तो अधिकच घाबरला. चूक सापडली असती, तर निदान ती कुठे आहे हे तरी कळले असते. अखेर त्याने फोन लावला.

"अण्णा, माडीवर अजून खोली काढणार आहात का?"

"न्हाई बा." अण्णारावांनी उलट विचारले, "काढावी म्हणता?"

"नाही, नाही! आणि ते बोअरच्या मोटारीचं..."

"ती लाइन बी धरलीय का त्यात? लई ब्येस केलं!"

अवधूतने घाईने फोन ठेवला. एका प्रश्नात मोटार गळ्यात पडली होती. ती उतरवण्यासाठी तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून शिरूर अनंतपाळला अण्णारावांच्या नव्या घरी पोहोचला. पण तोंड उघडायचे धैर्य होईना, म्हणून टेप काढून भिंतीच मोजू लागला.

"आवं, हे परत काय मोजून राहिले?" अण्णारावांच्या पत्नी सिंधुवैनी बाहेर आल्या. "काही चुकलं का, साहेब?"

"तेच तर सापडेना, वैनी!" अवधूतचा धीर सुटला. "अण्णा, खरं सांगा. तुम्ही घासाघीस का केली नाही?"

अण्णाराव ओशाळले. "तुम्ही शिकलेले. कागद बी टाइप केलेला. म्हनलं, टाइप केलेल्यात कमीजास्त होत नसंल."

सिंधुवैनींनी पदर खोचला. "म्हंजी, व्हतंय?"

अवधूतच्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. "नव्वद हजार!"

"अहो वैनी, तांब्याचा भाव काय झालाय!"

"आमच्या चन्नबसप्पा भावजींच्या घरात बी तांबंच हाय. लई महाग सांगून राहिले तुम्ही!"

"व्हय, महागच हाय," अण्णारावांनाही आता कंठ फुटला. "अन् मी गप बसलो म्हणून तुम्ही मलाच येडं समजत व्हता!"

अवधूत हरला, पण हरता हरता त्याच्या छातीवरचे दडपण उतरत गेले. तो घरी आला तेव्हा प्रमोदिनी दारातच उभी होती.

"कितीला ठरलं?"

"एक लाख तीन. मोटारीची लाइन फुकट."

"अहो, मग यात आपल्याला काय उरलं? आणि हसताय कशाला?"

"अगं, दोघंही म्हणाले, लई महाग आहे," अवधूत समाधानाने म्हणाला. "काही म्हणजे काही विसरलो नव्हतो बघ!"