विमलाआत्या आणि न थांबणारा हॉर्न

अख्ख्या मसुरे गावात गाडीच्या स्विचांतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी गाडी वीस वर्षांची. खाऱ्या वाऱ्याने तिच्या स्विचांना आतून हिरवा गंज चढलेला. बटण दाबलं की काच आधी विचार करायची, मग खाली यायची. चारुता, माझी बायको, गाडी विकून टाका म्हणत होती. मी रविवारी सगळे स्विच उघडले, आतले पत्रे पॉलिश पेपरने घासले, स्प्रे मारला आणि परत बसवले. दिवे, इंडिकेटर, काचा, सगळे पहिल्या हाकेला ओ देऊ लागले! एक बारीक स्प्रिंग उरली. ती कंपनीनेच जास्तीची दिली असणार, असं मी चारुताला समजावलं.

दुसऱ्या दिवशी विमलाआत्याला नांदगाव स्टेशनवर सोडायचं होतं. मुंबईत तिच्या नातवाचं बारसं. आत्याला गाडी लागते, म्हणून ती डोक्यावर ओला पंचा ठेवून मागच्या सीटवर आडवी झाली. निघायलाच उशीर झालेला, त्यात वाटेत म्हशी आडव्या आल्या. मी हॉर्न दाबला. म्हशी हलल्या, पण हॉर्न थांबेना. उरलेली स्प्रिंग कुठली होती ते मला तेव्हा कळलं.

घाबरून मी हाताला येईल तो स्विच दाबत सुटलो. दिवे लागले, चारही इंडिकेटर लुकलुकू लागले. एकही स्विच चुकला नाही, याचा त्या गोंधळातही मला अभिमान वाटला. गाडी बाजूला घेऊन बघतो म्हणालो, तर आत्या पंच्याखालून म्हणाली, "थांबू नको रे. वाजांदे. माका रेल्वे पकडूक व्हयी."

आणि काय सांगू, रस्ता मोकळा होत गेला. एसटी बाजूला झाली, वाळूचा डंपर कडेला गेला. एका टपरीवाल्याने तर रस्त्यात उतरून आमच्यासाठी रिक्षा अडवल्या. लोक आत डोकावायचे, आडवी आत्या बघायचे आणि हात जोडायचे. स्टेशन आलं तेव्हा रेल्वे फलाटावर शिरत होती. आत्याने उतरता उतरता स्टिअरिंगवर छत्री हाणली. हॉर्न बंद झाला. आत्या डब्यात चढली.

परतताना विजयी वीरासारखा मी त्याच टपरीवर थांबलो. मालकाने लगबगीने विचारलं, "आजयेचा काय झाला?"

"आत्या ती माझी. गेली," मी समाधानाने म्हणालो. "अगदी आरामात गेली."

त्याने टोपी काढली. मला वाटलं, उकडत असेल.

"तुम्ही रस्तो मोकळो केल्यात म्हणान," मी त्याचे आभार मानले. "नायतर आजून चार दिवस घरातच रवली असती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. तरी चहा त्याने पुढे ठेवला आणि अशा वेळी पैसे घेत नाही म्हणाला. कसली वेळ, हे विचारणार तोच बाकावरचा माझा मोबाईल वाजला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'विमलाआत्या'.

मालकाने वाकून नाव वाचलं, पुन्हा टोपी घातली आणि आभाळाकडे बघत हळूच म्हणाला, "घेवा. वरसून इलेलो दिसता."