तिसऱ्या साल्सा क्लासची निकड

१९९९ साली ही गोष्ट घडली. माणसाच्या हातून चुका होतात त्या काहीतरी करून टाकल्यामुळे. ज्याने काहीच केलं नाही त्याची चूक झाल्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही. हे तत्त्व खरेदीकाकांनी एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं पाळलं, आणि निवृत्तीनंतर त्या वर्षी ते साल्सा नाचाला लागू केलं.

काकांमुळे त्यांच्या पत्नीलाही सगळे खरेदीकाकू म्हणत. (काकूंनी स्वतःच्या पसंतीने घेतलेली वस्तू एकच, एक छत्री. ती काकांनी बदलून आणली.)

फेब्रुवारीत हाडांच्या डॉक्टरांनी काकूंचा उजवा गुडघा दाबून पाहिला. "वर्षभर धकेल. मग बदलावा लागेल. काय हौसमौज करायची ती आत्ता करून घ्या."

काकूंची हौस तयारच होती. घरी येऊन चपला काढायच्या आत त्यांनी ती सांगून टाकली.

"अहो, मला तुमच्याबरोबर नाचायचंय. तो साल्सा की काय, तो. एकदाच. हात धरून, चार माणसांत."

दुसरा एखादा नवरा "वेड लागलंय का?" म्हणून मोकळा झाला असता. काका तसे निष्ठुर नव्हते. ते म्हणाले, "पाहणी करू."

शहरात साल्साचे क्लास दोन. पहिला लाँड्रीच्या माडीवर. तिथे खालून इस्त्रीची वाफ येई, त्यामुळे विद्यार्थी कधी चुरगळलेले दिसत नसत. दुसरा ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या हॉलमध्ये. तिथल्या बाई दिवसा मोटार शिकवत आणि संध्याकाळी नाच. त्यांचे विद्यार्थी गिरकी घेण्याआधी हात बाहेर काढून दाखवत. (या क्लासमध्ये टक्कर होण्याचं प्रमाण शून्य टक्के होतं.)

काकांनी दोन्हीकडे सहा-सहा वेळा पाहणी केली. जमिनीवर गोटी ठेवून उतार तपासला. आरसे मोजले. घरापासूनचं अंतर पावलांत मोजलं: लाँड्रीपर्यंत स्वतःच्या एक हजार एकशे चाळीस, काकूंच्या एक हजार चारशे दहा. न्हाणीघराची कडी आतून आणि बाहेरून लावून पाहिली. (बाहेरून लावली तेव्हा आत लाँड्रीवरचे मास्तर होते.) मास्तर "एक, दोन, तीन... पाच, सहा, सात" असे आकडे म्हणून शिकवत, तेव्हा काकांनी हात वर केला.

"चार कुठे गेला?"

"चारला थांबायचं असतं काका."

"आणि आठ?"

"तिथेही थांबायचं."

काकांनी वहीत लिहिलं: आठांपैकी दोन आकडे गहाळ. खुलासा मागवावा.

मे महिन्यात पाहणी पुरी झाली आणि खरी अडचण उभी राहिली. किमान तीन अर्जदार असल्याशिवाय निवड करता येत नाही. हा नियम काकांनी केलेला नव्हता, पण तो मोडल्याचं पाप त्यांना आपल्या माथी नको होतं. तिसरा क्लास निघावा म्हणून ते टायपिंग क्लासच्या मालकांना भेटले, केस कापणाऱ्याला भेटले, दातांच्या डॉक्टरांना दोनदा भेटले. दातांचे डॉक्टर विचार करतो म्हणाले, आणि तेवढ्यात काकांची एक दाढ काढून मोकळे झाले.

जुलैत काकू म्हणाल्या, "अहो, तिसरा क्लास मीच काढते. मग तरी नाचाल?"

"अगं, मग हे आधी नाही का बोलायचं!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

क्लास काढायचा तर आधी नाच यायला हवा. म्हणून काकू ड्रायव्हिंगवाल्या बाईंकडे जाऊ लागल्या. जोडीला तिथले एक विधुर घड्याळजी मिळाले. ठोक्याला पक्के. चार महिन्यांत काकू अशा तयार झाल्या की बाईंनी त्यांना लायसन्स दिलं. (मोटारीचं. दुसरं छापलेलं नव्हतं.)

नोव्हेंबरात काकूंच्या बाहेरच्या खोलीत क्लास सुरू झाला. सोफा स्वयंपाकघरात गेला. नऊ विद्यार्थी आले, त्यांत घड्याळजी. पाहणीच्या दिवशी काका रीतसर घराबाहेर गेले, दार लावून घेतलं, घंटी वाजवली आणि ओळखपत्र दाखवून आत आले.

"या," काकू म्हणाल्या. हिरवी साडी खोचलेली, केसांत दोन पिना जास्तीच्या. "आता नाचूनच बघा की."

"पाहणी करणाऱ्याने पाहायचं असतं," काका म्हणाले. "नाचलो तर उद्या कोणी म्हणेल, पक्षपात केला."

"अहो, मी काय परकी आहे?"

"तोच तर आक्षेप येईल!"

काकूंनी तरीही हात पुढे केला. टेप चालू होता. नऊही विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे राहिले. काकांनी वहीत लिहिलं: शिक्षिका हात पुढे करून आठ आकडे उभ्या राहतात. प्रयोजन कळत नाही.

डिसेंबरात तुलनात्मक तक्ता तयार झाला. काकूंचा क्लास तिसरा आला. शेऱ्याच्या रकान्यात काकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: "संचालिकेचे यजमान स्वतः नाचत नाहीत. संस्थेवर घरच्यांचा विश्वास दिसत नाही."

पहिला नंबर लाँड्रीच्या माडीवरच्या क्लासचा. हरकतींसाठी काकांनी तीस दिवस ठेवले. त्या तीस दिवसांत मास्तरांनी क्लास बंद केला. राहिले दोन. नियम पुन्हा आडवा आला. फेब्रुवारीत काकूंचा गुडघा बदलला.

पुढे लाँड्रीवरचे मास्तर दुसऱ्या शहरात पोहायला शिकवू लागले. तिथे सगळे आकडे मोजतात. ड्रायव्हिंगवाल्या बाईंनी हॉल विकून आणखी एक मोटार घेतली. घड्याळजी काकूंच्या वर्गात शेवटपर्यंत नाचले आणि एका रविवारी झोपेतच गेले. काकू उंच खुर्चीवर बसून शिकवतात. वर्गात आता साठ जण आहेत आणि शहरात क्लास तेवढा एकच. एकाच अर्जावर निवड होत नसल्याने काका अजून दोघांच्या शोधात आहेत. प्रकृती उत्तम.

ही हकीकत ऐकून लोक पोट धरून हसतात. डोळे पुसत म्हणतात, काय माणूस! मग काकूंच्या क्लासचा पत्ता विचारतात. आजवर एकशे बारा जणांनी विचारला, मी सगळ्यांना दिला. त्यांतल्या एकशे अकरा जणांनी तो खिशात ठेवता ठेवता विचारलं, "आणखी एक-दोन सांगून ठेवा ना, आपलं बघायला बरं."

एकशेबारावे आपण. बोला.