चार वाजताचा समारंभ

चहाचा व्यापार मी तीस वर्षं करतोय, पण चहा काय चीज आहे हे मला कळलं मागच्या महिन्यात, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून. (माझं सगळं शिक्षण रद्दीतूनच झालंय. त्यामुळे कुठल्याच विषयाचं शेवटचं पान मला ठाऊक नाही.)

एका फाटक्या पुस्तकात लिहिलं होतं, की एके काळी विलायतेत चहा इतका महाग होता की तो कुलपात असे आणि किल्ली मालकिणीजवळ. वापरलेली पत्तीसुद्धा वाळवून पुन्हा विकली जाई. पुढे मोठ्या घरांत रात्रीचं जेवण लांबत गेलं, दुपारीच पोटात कावळे ओरडू लागले, आणि बायकांनी चारचा चहा सुरू केला. मग त्या एका कपासाठी वेगळे कपडे, वेगळी टेबलं, कोणी कोणाकडे कधी जायचं याचे कायदे. मी तराजू सोडून वाचत बसलो. जी पत्ती मी रोज पोत्यातून उपसतो, तिनं दिवसाला एक नवी वेळ जोडली होती.

त्याच आठवड्यात गेस्ट हाउसच्या मालकीणबाई वर्षभराचा चहा ठरवायला येणार होत्या. हे गिऱ्हाईक मिळालं तर दुकान तरणार, नाहीतर कुलूपच. मी ठरवलं, बाईंना दुकानातल्या स्टुलावर बसवायचं नाही. घरी बोलवायचं. चार वाजता. रीतसर.

"चहाच पाजायचाय ना?" बायको म्हणाली. "मग पाजू की."

"चहा नाही गं. समारंभ."

"बरं. समारंभात साखर किती?"

तिच्या वहिनीकडून कागदासारखे पातळ कप उसने आणले. टेबलावर इस्त्रीची चादर घातली. (ती पलंगाची, हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत.)

बाई चारच्या ठोक्याला आल्या. मी कुलूपकिल्लीपासून सुरुवात केली. त्या मान डोलावत होत्या. सांगता सांगता मीच इतका भारावलो, की बोलण्याच्या भरात कप उचलून घोट घेतला.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चहा पारखणारा माणूस चहा पीत नाही. तो सुर्र करून ओढतो, तोंडात घोळवतो आणि थुंकतो. दिवसाला साठ कप गिळले तर माणूस आठवडाभर झोपायचा नाही. मी ओढला, डोळे मिटले, घोळवला, आणि हाताला लागलेल्या भांड्यात सोडून दिला.

डोळे उघडले तर ते साखरेचं भांडं. बाईंचा चमचा त्याच्यापासून दोन बोटांवर थांबलेला.

वर्षभराचं गिऱ्हाईक उठून चाललंय, असं मला स्पष्ट दिसू लागलं. बायकोनं शांतपणे भांडं उचललं.

"मनावर घेऊ नका बाई. चहा आवडला की हे असंच करतात."

"आणि नाही आवडला तर?"

"गिळतात."

"तुमच्या हातचा?"

"तीस वर्षं गिळतायत."

बाईंना हसू आवरेना. पातळ कप तसेच सोडून दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज, मग कुजबुज, मग पुन्हा हसणं. मी चादरीसमोर एकटा. चारच्या चहाला राज्य बायकांचं, असं त्या पुस्तकात होतं. वाचताना ते नुसतं वाक्य वाटलं होतं. आता ते राज्य माझ्या स्वयंपाकघरात चालू होतं आणि मी हद्दीबाहेर. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

तासाभराने बाई बाहेर आल्या.

"शेठ, ठरलं. वर्षभर तुमच्याकडूनच घेणार. फक्त आत डब्यात आहे तीच पत्ती हवी. असा चहा मी आजवर प्यायले नाही."

"माझी खास निवड आहे बाई," मी हात जोडून म्हणालो. "त्याला जीभ लागते."

त्या गेल्यावर मी आत धावलो. "डब्यात कुठली पत्ती आहे गं? पोती काढून ठेवतो."

बायको कप विसळत होती. "समोरच्या दुकानातली."

"समोरच्या?"

"तुम्ही घरी आणायला विसरता. लग्नानंतर दोन महिने मागितली, मग समोरून आणायला लागले."

आता दर सोमवारी मी समोर जाऊन पोतं घेतो. तो दुकानदार अजून काही विचारत नाही. फक्त पोतं बांधताना एवढंच म्हणतो, "वहिनींची जीभ मात्र पक्की हो, शेठ."